नैवेद्याआधी चाखायचं नाही

सकाळी सहाला बाबुरावांनी विळीवर सुरण धरला, तेव्हा विनिता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. एका हातात चहा, दुसऱ्या हातात फोन.

“बाबा, तेवीस माणसं आहेत. परत एकदा विचारते. प्रफुल्लकाकांचा केटरर साडेबारापर्यंत घरपोच देतो.”

“त्याचा नंबर तुझ्याकडे कसा?”

“काकांनीच काल पाठवला. जवळ असू दे म्हणाले.”

“मग असू दे जवळ,” बाबुराव म्हणाले आणि सुरणाची साल काढू लागले.

सासऱ्यांना काय सांगायचं हे विनिताचं तिलाच ठरत नव्हतं.

जूनमध्ये सगळी कल्याणला बाबुरावांच्या थोरल्या बहिणीकडे, रंभाक्कांकडे जमली होती. बाबुरावांच्या बायकोला, मालनला जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. गेल्या भाद्रपदात तिचं वर्ष पुरं झालेलं नव्हतं, म्हणून आंब्र्यांचा गणपती ठाण्याला धाकट्या भावाकडे, प्रफुल्लकडे बसला होता. तिथे लिफ्ट आहे, गाड्या लावायला जागा आहे, हॉल मोठा आहे. प्रफुल्ल म्हणाला, आता तिथेच राहू दे. बाबुराव म्हणाले, यंदा तो डोंबिवलीला येणार. दोघा भावांचा आवाज चढला, तेव्हा सगळ्यांत मोठ्या रंभाक्कांनी निकाल दिला. यंदा डोंबिवली. पण ऋषिपंचमीचं जेवण घरच्या शेगडीवर झालं पाहिजे, आणि आलेलं माणूस पोटभर जेवून उठलं पाहिजे. जमलं तर गणपती कायमचा बाबूकडे. नाही जमलं तर ठाणे, आणि परत हा विषय काढायचा नाही.

विनिता बँकेत होती. नवऱ्याची, सुदेशची एमआयडीसीत पाळी, आज नेमकी पहिली. पाच दिवस पाहुणे, पाच दिवस भांडी, पाच दिवसांची रजा. गणपती ठाण्याला गेला तर आपल्याला वाईट वाटेल का, असं तिनं स्वतःला बरेचदा विचारलं होतं. दर वेळी उत्तर वेगळं यायचं.

तिची मुलगी ऐश्वर्या केसांचा बुचडा बांधत आली आणि टोपल्यांकडे बघून थांबली. लाल माठ, अळू, पडवळ, शिराळी, भेंडी, मक्याची कणसं. ओट्याखाली भोपळ्याची फोड.

“आजोबा, मार्केट उचलून आणलं का?”

“मार्केट नाही. शहाडला काळुरामकडे गेलेलो.” काळुराम म्हणजे त्यांच्या कंपनीतला जुना सोबती. नदीच्या कडेला त्याची थोडी जागा आहे. “त्यानं पैसे घेतले नाहीत. एकवीस मोदक मागितलेत. फक्त कणसं नि सुरण कल्याणच्या बाजारातून आणलं.”

“आणि हे सगळं एकाच भाजीत?”

“एकाच. आज बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगराशिवाय जे उगवतं ते खायचं. तेल नाही, फोडणी नाही, मसाला नाही. मीठ, मिरची, ओलं खोबरं.”

“पण आता बैल कुठेत? सगळीकडे ट्रॅक्टर. ट्रॅक्टरच्या कष्टाचं चालतं?”

“काळुरामनं कुदळीनं खणलंय.”

“म्हणजे माणसाच्या कष्टाचं चालतं.”

“माणसाच्या कष्टाचं कायमच चालतं,” बाबुराव म्हणाले. “बस. कणसं सोल.”

विनिताला हसू आलं. तिनं चहा संपवला, फोन फ्रिजवर ठेवला आणि माठाची जुडी पुढ्यात ओढली.

*

भावना ठाण्याहून आठला पोचली. दोन जिने चढेपर्यंत गुडघे बोलायला लागले होते. प्रफुल्ल मागून मोदकांचा डबा घेऊन येत होता आणि प्रत्येक पायरीवर एकच वाक्य म्हणत होता.

“म्हणून म्हणतो, आपल्याकडे लिफ्ट आहे.”

“ऐकलं मी. पहिल्या मजल्यावर पण ऐकलं.”

आत रंभाक्का आधीच पाटावर बसून अळूचे देठ सोलत होत्या. कल्याणहून रिक्षानं सातलाच आल्या होत्या. सोबत त्यांचे दीर परशुराम, जे हॉलमध्ये बसून पेपर वाचत होते आणि कोणी काही विचारलं की “छान, छान” म्हणत होते.

“आलीस? पडवळ तुझं,” रंभाक्का म्हणाल्या.

“माहितीय, आक्का. तीस वर्षं पडवळच चिरतेय मी. मेल्यावर पण पडवळ घेऊनच जाईन.”

“शुभ बोल. गणपती बसलाय.”

भावनाला खुर्ची मिळाली, मांडीवर ताट मिळालं. ती चिरायला लागली. या घरात पंचमीची कामं ठरलेली होती. आक्कांकडे अळू, भावनाकडे पडवळ आणि शिराळी, विनिताकडे माठ आणि खोबरं, बाबुरावांकडे सुरण. शेगडी मालनची. ती तिथे कोणाला फिरकू द्यायची नाही. भावना नवी होती तेव्हा एकदा डावानं ढवळायला गेली होती, तर मालन म्हणाली होती, “तू बस गं, मी बघते.” तेव्हा भावनाला राग आला होता. पुढची तीस वर्षं ती बसून राहिली आणि हळूहळू तिला ते आवडायला लागलं होतं.

गेल्या वर्षी ठाण्याला कोणीच बसलं नाही. केटररची माणसं आली, पनीर, पुऱ्या, श्रीखंड, छोले मांडून गेली. सगळे म्हणाले, काय सोय केलीयस भावना, बेस्ट. मग सगळे हॉलमध्ये फोन बघत बसले. ती स्वयंपाकघरात एकटी उभी होती आणि तिला करायला काही नव्हतं. उरलेलं पनीर तीन दिवस फ्रिजमध्ये होतं. टाकवत नाही म्हणून प्रफुल्ल रात्रीचं तेच गरम करून खायचा. मार्चमध्ये त्याच्या छातीत स्टेंट बसला. पनीरामुळे बसला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण तेल मोजून वापरा असं म्हणाले, आणि तेव्हापासून ती चमचा मोजत होती आणि तो तोंड वाकडं करत होता.

यातलं ती कोणाला बोलली नव्हती. ठाण्याला गणपती हवा असं प्रफुल्ल म्हणायचा, तेव्हा ती मान हलवायची. नवऱ्याची बाजू घ्यायची सवय असते.

“काकू, सुरण आधी घालू ना?” विनितानं शेगडीजवळून विचारलं. मोठं पातेलं ठेवलं होतं. तिचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा झाला होता.

“आधी सुरण नि मका. मग अळूचे देठ. पालेभाजी शेवटी,” आक्का म्हणाल्या.

एकेक भाजी पडत गेली. वाफ यायला लागली. विनितानं मीठ घातलं, मिरच्या घातल्या, खोबरं घातलं. ऐश्वर्यानं डाव उचलला आणि बोट पुढे केलं.

“ए!” तिघी एकदम ओरडल्या.

“काय झालं?”

“नैवेद्याचं आहे. नैवेद्याआधी चाखायचं नाही.”

“मग मीठ बरोबर झालंय की नाही ते कसं कळणार?”

“श्रद्धेनं,” भावना म्हणाली. आक्कासुद्धा हसल्या.

वासावरून तर भाजी उत्तम झाली होती. विनितानं झाकण ठेवलं आणि सकाळपासून पहिल्यांदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

*

बाराला आरती झाली, नैवेद्य दाखवला. पहिल्या पंगतीला अकरा पानं मांडली. वऱ्याचे तांदूळ, ऋषीची भाजी, दही, मोदक. रंभाक्का पहिल्या पानावर बसल्या, शेजारी प्रफुल्ल, पलीकडे परशुराम.

बाबुराव पाण्याचा जग घेऊन उभे होते. आक्कांनी पहिला घास घेतला तेव्हा त्यांचा हात जगावर घट्ट झाला. आक्कांनी मान हलवली. चव बरोबर होती. मीठही बरोबर. बाबुरावांनी श्वास सोडला.

रंभाक्कांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि मग त्यांच्या घशात काहीतरी सुरू झालं. आधी त्यांना वाटलं, वय झालं. शहात्तराव्या वर्षी घशात काहीही होतं. त्या पाणी प्यायल्या. खाज वाढली. जिभेच्या मुळाशी कोणी बारीक काटे पेरल्यासारखं झालं.

त्यांनी शेजारी पाहिलं. प्रफुल्ल घसा खाकरत होता आणि खाकरतो आहे हे दाखवायचं नाही म्हणून छताकडे बघत होता. समोरचा भाचा ओठ दातांनी चोळत होता. परशुरामांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी ते खात होते.

“परशुरामभावजी, कशी झालीय भाजी?” आक्कांनी विचारलं.

“छान,” परशुराम म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा अर्धा झाला होता. “छान, छान.”

आक्कांनी हात पानावर ठेवला.

“चिंच कोणी घातली?”

विनिता वाढप्यासारखी पातेलं घेऊन दारात होती.

“चिंच?” ती म्हणाली. “मला वाटलं काकूंनी.”

“मी पडवळ चिरते गं,” भावना म्हणाली. “मला वाटलं आक्कांनी.”

“मी अळू सोलते. तेवढंच सोलते.”

सगळ्यांना माहीत होतं. अळू आणि सुरण एकत्र म्हणजे चिंच हवीच, नाही तर घसा खाजतो, हे त्या घरातल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होतं. प्रत्येकाला वाटलं होतं की ते दुसऱ्याचं काम आहे.

“वहिनी घालायची,” प्रफुल्ल म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

“पहाटे भिजत घालायची. काशाच्या वाटीत, खिडकीत. मी कॉलेजला होतो तेव्हा बोट बुडवून खायचो. ओरडायची मला.” तो परत खाकरला. “कोणाला सांगायची नाही ती. घालून मोकळी व्हायची.”

बाबुराव जग घेऊन तसेच उभे होते. अडतीस वर्षं त्यांनी ही भाजी खाल्ली होती. अडतीस वर्षं पहाटे सहाला ते सुरण चिरत होते, आणि हातभर अंतरावर खिडकीत ती वाटी असायची. त्यांना ती आठवेना. कितीही आठवून पाहिलं तरी आठवेना. फक्त मालनचा हात आठवला, पातेल्यावर झाकण ठेवणारा.

“माझंच चुकलं,” विनिता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिला रागही आला होता. “पण चिंच आता माझ्याकडे, हे मला कोणी सांगितलंच नाही.”

“ती घालायची हे मलाही माहीत नव्हतं, पोरी,” बाबुराव म्हणाले.

तेवढ्यात ऐश्वर्या मखराकडे बघत म्हणाली, “थांबा. म्हणजे बाप्पाचा पण घसा खाजतोय?”

सगळ्यांनी मखराकडे पाहिलं. नैवेद्याच्या ताटात भाजीची वाटी होती. आधी परशुराम हसले. हसताना त्यांना ठसका लागला, ठसक्यानं प्रफुल्ल हसला, आणि मग अकरा माणसं घसा खाजवत, खोकत, हसत सुटली.

“त्याला मोदक दिलाय,” आक्का डोळे पुसत म्हणाल्या. “त्याचं भागेल. आपल्याला आमसुलं द्या आधी.”

*

आमसुलं वाटली. अकरा माणसं आमसूल चघळत पानावर बसून राहिली. प्रफुल्लनं डाव्या हातानं खिशातून फोन काढला.

“आक्का, लावू का त्याला? अर्ध्या तासात येतं. पोरं उपाशी आहेत.”

आक्का बाबुरावांकडे बघत होत्या. अट सगळ्यांना पाठ होती.

भावना पुढे आली. तिनं नवऱ्याच्या हातातून फोन घेतला आणि टीव्हीच्या मागे ठेवला.

“पानावर बसून फोन करत नाहीत,” ती म्हणाली. मग वळून, “विनिता, पातेलं परत शेगडीवर. ऐशू, चिंचेचा डबा कुठेय बघ. कडकडीत पाणी ओत, थंड व्हायची वाट बघू नकोस, चमच्यानं कोळ काढ.”

“छोटी आजी, तू डायरेक्ट कॅप्टन?”

“आजी म्हणू नकोस. पळ.”

स्वयंपाकघरात गर्दी झाली. भावना तीस वर्षांनी या शेगडीपाशी उभी होती. गुडघे दुखत होते आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ऐश्वर्यानं कोळ गाळला. भावनानं तो पातेल्यात ओतला, विनितानं गॅस मोठा केला. भाजी रटरटायला लागली.

“आता चाखायला हरकत नाही,” भावना म्हणाली. “नैवेद्य झालाय. कोण चाखतंय?”

कोणी पुढे आलं नाही. एकदा खाजलेला घसा परत कोण पुढे करणार?

“द्या इकडे,” बाबुराव म्हणाले.

विनितानं वाटीत चमचाभर भाजी दिली. त्यांनी फुंकर घालून खाल्ली. सगळ्या जणी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिल्या.

“कळायला दोन मिनिटं लागतात,” भावना म्हणाली.

“आजोबांनी गिळलं!” ऐश्वर्यानं हॉलमध्ये आवाज दिला.

“काय म्हणतोय तो?” बाहेरून आक्का.

“काही नाही म्हणत. उभे आहेत. एक मिनिट झालं. थांबा, हात वर गेला. मानेकडे जातोय... खाजतंय! अजून खाजतंय!”

“अजून चिंच,” बाबुराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. “यंदा भाजीत घालायचे आंबट अंबाडे मिळाले नाहीत बाजारात. म्हणून जास्त लागणार.”

परत कोळ. परत दहा मिनिटं झाकण. विनितानं थोडा गूळ टाकला आणि भावनाकडे पाहिलं. भावनानं मान डोलावली. दुसऱ्यांदा वाटी भरली. या वेळी परशुराम सोडून पहिल्या पंगतीचे सगळे दारात मान काढून बघत होते. पानावरून उठायचं नाही हा नियम त्या दिवशी कोणी पाळला नाही.

बाबुरावांनी घास गिळला. एक मिनिट. दोन मिनिटं. तीन. हात जागचा हलला नाही.

“काय, बाबा?” विनितानं विचारलं.

“वाढा,” बाबुराव म्हणाले.

*

त्यानंतर बराच वेळ हॉलमध्ये फक्त वाढ, वाढ एवढंच ऐकू येत होतं. प्रफुल्लनं तिसऱ्यांदा भाजी मागितली. भावना डाव घेऊन त्याच्या पानाशी आली. मार्चपासून त्याच्या प्रत्येक वाढणीला तिनं हात आडवा केला होता. आज केला नाही. दोन डाव घातले. आत तेलाचा थेंब नव्हता.

“पनीरला एवढं कधी मागितलं नाहीत,” ती म्हणाली.

“पनीर पोटाला जड होतं. ही होत नाही.”

“आणि केटररनं सहा माणसांचे जेवढे पैसे घेतले असते, तेवढ्यात आज तेवीस जेवतायत.”

प्रफुल्ल खात राहिला. बायको कोणाच्या बाजूनं बोलते आहे हे त्याला कळलं होतं. हे नक्की कधी झालं ते मात्र कळलं नव्हतं.

दुसरी पंगत बसली, उठली. सुदेश पाळी संपवून साडेतीनला आला, तेव्हा पातेल्याला लागलेली भाजी ऐश्वर्या बोटानं निपटत होती. परशुराम गादीवर आडवे झाले होते आणि झोपेतही समाधानी दिसत होते.

आक्का खिडकीपाशी बसल्या. प्रफुल्ल समोर येऊन बसला.

“आक्का, मी काही बोलत नाही. पण अट होती. पहिल्यांदा वाढलं ते कोणाला खाता आलं नाही. पाऊण तास माणसं आमसूल खात बसली.”

“शेगडी कुठली होती?”

“घरची.”

“तू पोटभर जेवलास की नाही?”

प्रफुल्लनं पोटावर हात ठेवला. खोटं बोलायला जागाच नव्हती.

“मग झालं,” आक्का म्हणाल्या. “वेळेचं मी काही बोलले नव्हते. आता चिंचेचं ठरवा. एवढं मोठं काम बिनमालकाचं ठेवू नका. पुढच्या वर्षी चिंच कोणाची?”

विनिता काही म्हणणार तेवढ्यात बाबुराव बोलले. ते दारात पाठ टेकून बसले होते.

“चिंच माझ्याकडे असू दे.”

भावनानं पदरानं नाक पुसलं आणि मोठ्यानं म्हणाली, “बरं. मग शेगडीवर मी नि विनिता. पडवळ आता दुसऱ्या कोणाला तरी द्या. मी सुटले.”

“सुरण?” आक्कांनी विचारलं.

बाबुरावांनी भावाकडे पाहिलं.

“प्रफुल्ल.”

“मी? मला विळी धरता येत नाही, दादा.”

“शिकवतो. सहाला ये मात्र. आठला येऊन काही होत नाही.”

“सहाला डोंबिवलीत म्हणजे ठाण्यात चारला उठायचं,” प्रफुल्ल म्हणाला. “पार्किंग नाही, लिफ्ट नाही, आणि चारला उठायचं.”

“मग आदल्या दिवशीच राहायला या ना,” विनिता म्हणाली.

म्हणून गेली आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. पुढच्या वर्षीची आणखी दोन माणसं, आणखी दोन गाद्या, सकाळचा आणखी दोन कप चहा, आणि हे तिनं स्वतःच्या तोंडानं मागून घेतलं होतं. तिनं ते परत घेतलं नाही.

“गाद्या आहेत का तेवढ्या?” भावनानं विचारलं.

“करू काहीतरी,” विनिता म्हणाली आणि चहा टाकायला उठली.